कपिलधारच्या डोंगरात समुद्राचं वादळ



मांजरसुंब्याजवळून आत वळलो तेव्हा बरोबरच्या एका मित्राने विचारलं, "विषय चक्रीवादळांचा, आणि व्याख्यान कपिलधारला? इथून समुद्र किती लांब आहे, माहीत आहे ना?" प्रश्न रास्त होता. अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी ३०० किलोमीटरवर आहे आणि बंगालचा उपसागर सहाशेच्या आसपास. मन्मथस्वामींच्या समाधीपाशी बसून समुद्राच्या गोष्टी कशाला सांगायच्या? पण त्या इथेच सांगायला हव्यात, असं आमचं म्हणणं आहे. रत्नागिरी-अलिबागच्या माणसाला चक्रीवादळ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. आपल्याला लागतं.

सप्टेंबर २०२१ आठवा. २६ तारखेला 'गुलाब' नावाचं चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर टोकाला, कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं. टीव्हीवर बातम्या होत्या. खरं सांगायचं तर आम्हीही त्या अर्ध्या कानाने ऐकल्या. वादळ तिकडे, आपण इकडे. शिवाय नाव गुलाब! (हशा) दोन दिवसांत ते तेलंगण ओलांडून मराठवाड्यावर आलं. तोवर त्याचं 'चक्रीवादळ' हे पद गेलेलं होतं, वारा बसला होता, पण पोटातलं पाणी तसंच होतं. बीड, लातूर, उस्मानाबादेत पाऊस असा कोसळला की धनेगावला मांजरा धरणाचे अठराही दरवाजे उघडावे लागले. मांजरा नदी उगम पावते याच बालाघाटात, पाटोद्याकडे. सोयाबीन काढणीला आलेलं होतं. पुढचं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

ते वादळ इथेही संपलं नाही. उरलेलं चक्र गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथे त्याला पुन्हा गरम पाणी मिळालं, 'शाहीन' या नव्या नावाने ते उभं राहिलं आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर धडकलं. म्हणजे दोन समुद्रांतल्या दोन वादळांच्या मधला मुक्काम आपलं मराठवाडा होतं.

हे असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं की त्याची भरपूर वाफ होते. ती वर जाऊन थंडावते, ढग बनते आणि बनताना उष्णता बाहेर टाकते. त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते, खाली दाब उतरतो आणि भोवतालची हवा आत धावते. पृथ्वी फिरते म्हणून ती सरळ आत न येता वळण घेत येते. आपल्या गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. जमिनीवर आलं की वाफेचा पुरवठा तुटतो, घर्षण वाढतं आणि वारा मरतो. पण भोवरा लगेच विरत नाही; त्याने ओढून आणलेली ओल तो वाटेत सांडत जातो. किनाऱ्यावर मारतो तो वारा आणि समुद्राची लाट. आपल्याकडे येतो तो पाऊस. आणि दुष्काळाच्या वर्षी आपण आभाळाकडे डोळे लावून वाट बघतो ती याच उपसागरावरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांची. त्याच घराण्यातला धाकटा भाऊ आला की आपण पेढे वाटतो, थोरला आला की कपाळाला हात लावतो.

आता इतिहासाकडे येऊ. 'सायक्लोन' हा शब्द जन्मला आपल्या देशात, कलकत्त्यात. हेन्री पिडिंग्टन नावाचे गृहस्थ तिथे सागरी न्यायालयाचं काम बघत. बुडालेल्या, मोडलेल्या जहाजांच्या चौकश्या त्यांच्यासमोर चालत. त्यांनी जहाजांच्या नोंदवह्या गोळा केल्या, कोणत्या वेळी कुणाला कुठून वारा लागला ते नकाशावर मांडलं आणि वारा वर्तुळात फिरतो हे दाखवलं. १८४८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव दिलं. पुढे कलकत्त्याला पर्याय म्हणून मातला नदीवर नवं बंदर बांधायचं सरकारच्या मनात आलं. १८५३ साली पिडिंग्टननी थेट गव्हर्नर जनरल डलहौसींना पत्र लिहून बजावलं की तिथे कधीतरी वादळाची लाट येईल आणि सगळं धुऊन नेईल. कुणी मनावर घेतलं नाही. पोर्ट कॅनिंग उभं राहिलं आणि १८६७ च्या नोव्हेंबरातल्या वादळाने ते मोडलं. पिडिंग्टन १८५८ सालीच वारले होते.

त्याच्या तीनच वर्षं आधी, ५ ऑक्टोबर १८६४ ला खुद्द कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आलं होतं. त्यानंतर १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला. या तीन गोष्टींमधून १८७५ साली भारतीय हवामान खातं जन्माला आलं आणि ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. नीट बघा: एक वादळ आणि दोन दुष्काळ. म्हणजे खात्याच्या जन्मपत्रिकेत किनारपट्टीइतकाच वाटा कोरड्या मुलखाचा आहे. हे खातं आपल्या जवळही आलं. १९२८ साली त्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला हललं. पुण्यात शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. शिमल्याशी काय संबंध, असं विचारलं तर बरेच पुणेकरही गप्प बसतात.

एका देशाच्या खात्याला मात्र एक अडचण होती. समुद्रावर वेधशाळा बांधता येत नाही. जहाजांवरून निरोप यायचे, पण शहाणा कप्तान वादळापासून लांब पळतो, म्हणून जिथली माहिती हवी तिथलीच मिळत नसे. यावर उपाय कुणा एका देशाच्या खिशाला परवडणारा नव्हता. १९६० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू झाली. अनेक देशांची ४० हून जास्त जहाजं या महासागरात फिरली आणि तिच्या हवामान विभागाचं केंद्र उघडलं ते मुंबईत, कुलाब्याला. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज तिथले संचालक. आयबीएमचा १६२० संगणक तिथे आला, तेव्हा देशात संगणक बोटांवर मोजण्याइतके होते. मे १९६३ मध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार झालं आणि अमेरिकी हवामान खात्याची संशोधन विमानं पळून न जाता त्या वादळाच्या आत गेली. दाब, तापमान, वारा असं सगळं आतून मोजलं. आपल्या बाजूच्या समुद्रातलं वादळ माणसाने असं आत शिरून तपासलं, याचं आम्हाला आजही अप्रूप वाटतं. त्या नोंदींवरचा शोधनिबंध अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून लिहिला. याच काळात, नोव्हेंबर १९६२ मध्ये, पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानाची संस्था सुरू झाली. पिशारोटी तिचे पहिले संचालक. आज आपण तिला आयआयटीएम म्हणतो.

आता एक रात्र. कार्तिकी पौर्णिमेला इथे यात्रा भरते, दिंड्या येतात, हे तुम्हाला सांगायला नको. १९७० साली कार्तिकी पौर्णिमा १३ नोव्हेंबरला होती. बाराची रात्र उलटताना, चंद्र जवळजवळ पूर्ण असताना, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला बेटाच्या परिसरावर चक्रीवादळ आलं. पौर्णिमेची मोठी भरती आणि त्यावर वादळाची लाट. तीन ते पाच लाख माणसं गेली. अंदाज एवढा ढोबळ आहे, कारण मोजायलाच कुणी उरलं नव्हतं. उपग्रहांना वादळ दिसलं होतं, इशाराही निघाला होता. तो लोकांपर्यंत त्यांना कळेल, पटेल अशा रीतीने पोचला नाही.

त्या रात्रीने संशोधनाची दिशा बदलली. १९७२ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशियाई आयोग यांनी मिळून उपसागर आणि अरबी समुद्राभोवतीच्या देशांचं चक्रीवादळ मंडळ स्थापलं. आज त्यात १३ देश आहेत आणि इशाऱ्यांचं प्रादेशिक केंद्र दिल्लीला आहे. एकमेकांशी नीट न बोलणारे शेजारी वादळाची माहिती मात्र एकमेकांना देतात. नावंसुद्धा वाटून घेतात: 'गुलाब' पाकिस्तानने सुचवलेलं, 'शाहीन' कतारने, आणि जून २०२० मध्ये श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलेलं 'निसर्ग' बांगलादेशने.

१९७९ च्या मान्सून प्रयोगात, मोनेक्समध्ये, विमानं पुन्हा मुंबईत आली. त्या जूनमध्ये मान्सून उंबरठ्यावर असताना अरबी समुद्रात एक भोवरा तयार झाला आणि तो जन्मताना विमानांच्या नोंदीत सापडला. मान्सूनचं आगमन आणि वादळाचा जन्म हे एकमेकांत किती गुंतलेले असतात, ते त्या नोंदींवरून उलगडत गेलं. तरी अशी उड्डाणं आपल्याकडे नेहमीची झाली नाहीत. अमेरिकेत ती आहेत. आपल्याकडे वादळाची ताकद मुख्यतः उपग्रहाच्या चित्रातला ढगांचा आकार बघून ठरवतात. ती पद्धत व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसवून दिली.

या सगळ्याचा उपयोग झाला का? ओडिशाकडे बघा. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ ला त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आलं, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवलेले होते आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. वादळ कुठे जाणार, हा अंदाज पुष्कळ सुधारला आहे. ते किती जोर धरणार आणि किती झटकन धरणार, इथे शास्त्रज्ञ अजून अडखळतात. २०१७ च्या 'ओखी'ने कन्याकुमारीजवळ काही तासांत उग्र रूप घेतलं आणि समुद्रात गेलेल्या मच्छीमारांना परतायला वेळच मिळाला नाही. त्यातल्या केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी होड्या आपल्या देवगड बंदरात आसऱ्याला आल्या.

आणि तिसरा अंदाज आपल्या कामाचा: जमिनीवर आल्यावर ते पाऊस कुठे सांडणार. गुलाबच्या वेळी मराठवाड्याला मुसळधार पावसाचा इशारा होता. पण जिल्हाभराच्या इशाऱ्यातून आपल्या ओढ्याला किती पाणी येईल, ते कळत नाही. तेव्हा पुढच्या वेळी विशाखापट्टणमच्या बाजूला वादळ किनाऱ्यावर आलं आणि बातमीत म्हणाले 'तीव्रता कमी झाली', तर एवढंच विचारा: वाऱ्याची की पावसाची? आणि मग ते पश्चिमेला सरकतंय का ते रोज बघा. दोन दिवस हातात असतात. काढलेलं सोयाबीन झाकायला आणि नदीकाठची जनावरं वर आणायला तेवढे पुरतात.

बोलण्याच्या नादात वेळ फार झाला. मागे बसलेल्या त्या काकांनी मघापासून हात वर धरलाय, ते धनेगावच्या बाजूचे आहेत म्हणे. माईक आधी त्यांच्याकडे द्या.