केडगावचे मोठे घर

दिवाळीच्या अंकात दुष्काळाची हकीकत सांगावयास बसणे थोडे अप्रशस्त वाटेल, याची मला जाणीव आहे. फराळाचे ताट पुढ्यात असताना भुकेल्या पोरांची आठवण कोणी काढावी? परंतु ज्या घराची ही हकीकत आहे, ते घर भुकेतूनच उभे राहिले. आणि पोट भरलेले असतानाच त्याचा शांतपणे विचार होऊ शकेल, असे मला वाटते.

लहानपणी दिवाळीच्या सुटीत आम्ही पुण्याहून सोलापूरला आजोळी जात असू. आजी आणि मामा आम्हांला न्यावयास येत. दौंडच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागले की आजी खिडकीबाहेर पाहून हात जोडी. मामा चिडून म्हणे, "आई, कुणाला हात जोडतेस? तिथं पोरी बाटवल्या." आजी शांतपणे उत्तर देई, "बाटवल्या असतील. पण आधी जगवल्या ना!" गाडी हलत असे आणि वाद तेथेच राहत असे. दोघांपैकी कोणाचे खरे, हे मला त्या वेळी कळले नाही. पुढे वाचनाच्या नादात पंडिता रमाबाईंच्या केडगावशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा त्या अर्ध्यावर राहिलेल्या वादाचे उत्तर शोधावे असे मनाने घेतले.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने ते मुलीला दिले. पुराणे सांगत, तीर्थे हिंडत हे कुटुंब देशभर फिरले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. पुढे भाऊ गेला. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ साली तेही गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. चोविसाव्या वर्षाच्या आतच ही बाई मायबापाविण पोरकी, विधवा आणि आई, असे सर्व काही होऊन चुकली होती.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथून त्या अमेरिकेस गेल्या. तेथील मंडळींनी बोस्टन येथे स्थापन केलेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले, आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. हे सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते, आणि धर्माच्या बाबतीत ते तटस्थ राहील असे ठरले होते. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. परंतु रमाबाईंच्या पहाटेच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या, आणि दार लावून घ्यावयास त्या तयार नव्हत्या. १८९३ साली पुण्यात काहूर उठले. 'केसरी'ने कडक टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मामाच्या रागाचे मूळ या वर्षात आहे.

हे सारे विधवांचे झाले. अनाथ लेकरांचा संसार सुरू झाला तो १८९६ च्या अखेरीस. अमेरिकेच्या मदतीची मुदत १८९८ साली संपणार, तेव्हा सदनाला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली होती. इतक्यात मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेथल्या अन्नछत्रांत आणि सरकारी कामांवर आईबाप मेलेल्या मुली उघड्यावर पडल्या होत्या, आणि त्यांना फूस लावून नेणारी माणसे त्यांच्याभोवती घिरट्या घालीत होती. स्वतःच्या लहानपणाची आठवण झालेली ही बाई तेथे गेली आणि मुली घेऊन आली. थोड्याच महिन्यांत ही संख्या तीनशेच्या घरात गेली.

पुण्यात तेव्हा प्लेग आला होता, आणि इतक्या नवख्या मुली शहरात ठेवावयास परवानगी मिळेना. तेव्हा त्यांना केडगावच्या बागेत नेण्यात आले. ज्या जमिनीवर संत्री लावावयाची, तिच्यावर झोपड्या उभ्या राहिल्या. हेच पुढचे मुक्तिसदन. प्लेगच्या छावणीतील व्यवस्थेत स्त्रियांची जी दुर्दशा होत होती, तिच्याविषयी रमाबाईंनी १८९७ साली 'बाँबे गार्डियन' या पत्रातून सरकारवर उघड टीका केली. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून त्या राज्यकर्त्यांच्या झाल्या नव्हत्या, हे मामाला कोणी सांगितले नसावे.

त्यानंतर आला १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ. विक्रम संवताच्या १९५६ वरून गुजराती माणूस त्याला 'छप्पनियो' म्हणतो. गुजरातेतून मुलींच्या टोळ्या आल्या, आणि १९०० साली मुक्तिसदनात दीड हजारांहून अधिक माणसे झाली.

वाचकहो, दीड हजार हा आकडा लिहावयास सोपा आहे. घर चालवणाऱ्या गृहिणीने मात्र तो क्षणभर आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहावा. मी कागदावर एक साधा हिशेब करून पाहिला. माणशी अर्धा किलो धान्य धरले, तर दीड हजारांना रोज साडेसात क्विंटल धान्य लागेल. वर्षाचे सत्तावीसशे क्विंटलांवर जाईल. पिण्यास, स्वयंपाकास आणि अंग धुण्यास मिळून माणशी पंधराच लिटर पाणी धरले, तरी रोज साडेबावीस हजार लिटर हवे. एका मोटेत दीडशे लिटर येते असे समजले तर दिवसाला दीडशे मोटा. आणि हे साल कोणते? विहिरी आटण्याचे. शिवाय आलेल्या मुली धडधाकट नव्हत्या. हाडांचे सापळे झालेल्या, खरजेने आणि हगवणीने पिडलेल्या, भाकरी दिसली की लपवून ठेवणाऱ्या. त्यांना एकदम पोटभर जेवू घालणेही धोक्याचे. आधी पेज, मग मऊ भात, मग भाकरी. कित्येक जणी आल्यावरही वाचल्या नाहीत.

हा गाडा हाकला कोणी? शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींनी नव्या मुलींना हाताखाली घेतले. ज्यांना काल कोणी नाही म्हणून आणले, त्याच आज कोणाच्या तरी ताई झाल्या. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या मराठी बायका आणि मिनी अब्राम्स यांच्यासारख्या परदेशी बाया मदतीस होत्या. घराचेही हळूहळू विभाग पडले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीतिसदन, अंधांसाठी बार्तिमी सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून आंधळ्या मुलींच्या बोटांना अक्षरे दिली. शेती, गुरे, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, धुलाई आणि छापखाना ही कामे मुलीच करीत. ज्या काळी भल्या घरातल्या बाईच्या हाती पुस्तक दिसले तर भुवया उंचावत, त्या काळी केडगावला दुष्काळातल्या पोरी खिळे जुळवून पुस्तके छापीत होत्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच छापखान्यात छापले गेले. ते १९२४ साली पूर्ण झाले, तेव्हा बाई हयात नव्हत्या. मनोरमा १९२१ साली गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी आईही तिच्या मागोमाग गेली.

पैशाची व्यवस्था कशी होती, हा प्रश्न संसारी माणसास पडणारच. रमाबाईंच्या वाचनात जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र आले होते. या जर्मन गृहस्थांनी इंग्लंडातील ब्रिस्टल शहरात १८३६ साली भाड्याच्या घरात थोड्या मुलींपासून आरंभ केला, आणि १८४९ ते १८७० या काळात ॲशली डाउन येथे पाच दगडी इमारती उभ्या केल्या. तेथे २०५० मुलांची सोय होती. कर्ज काढावयाचे नाही आणि कोणा माणसापुढे हात पसरावयाचा नाही, देवापुढेच गाऱ्हाणे मांडावयाचे, हा त्यांचा नियम. मात्र आलेल्या पैपैचा हिशेब दरवर्षी छापला जाई, हेही विसरू नये. केडगावनेही पुढे हीच श्रद्धेची वाट धरली. फरक इतकाच की, म्यूलरांच्या भिंती मुलांच्या संख्येबरोबर एकवीस वर्षे वाढत गेल्या, आणि रमाबाईंकडे मुली आधी आल्या, भिंती मागाहून.

आता आजीचा आणि मामाचा वाद. मुक्तिसदन उघडउघड ख्रिस्ती होते. शारदा सदनासारखे तटस्थतेचे वचन तेथे नव्हते. आठ वर्षांच्या भुकेल्या पोरीला धर्म निवडता येतो काय? माझ्या मते येत नाही. ज्या हाताने भाकरी दिली, त्या हाताचा देव तिला आपला वाटणारच. मामाच्या बोलण्यात एवढे तथ्य आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु त्याला उलट प्रश्न विचारावासा वाटतो: त्या पोरीसाठी आपल्या घरात अंथरूण होते काय? जातीबाहेरची, आईबाप नसलेली, कोणाची हे ठाऊक नसलेली मुलगी किती वाड्यांनी उचलून घेतली असती?

काहींनी घेतली, हे सांगणे न्यायाचे आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला आपला यशवंत म्हणून वाढवले. पंढरपुरास १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लोकांनी टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम उघडला. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, पूर्वीच्या गोदूबाई, या शारदा सदनाच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी. म्हणजे ज्या घराला पुण्याने नावे ठेवली, त्याच घरातून हिंगण्याच्या घराला गृहिणी मिळाली. टीकेने एकही पोर जगत नाही. टीकेनंतर कोणी दुसरे घर बांधले तर मात्र जगते.

आज काळ पालटला आहे. १९५६ च्या दत्तक कायद्याने हिंदूंना मुलगी दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली. इतर धर्मीयांना मात्र बराच काळ १८९० च्या कायद्याखाली केवळ पालक होता येत होते. २००० सालच्या बाल न्याय कायद्याने दत्तकाचे दार सर्वांना उघडले. २०१५ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक बालगृहाची नोंदणी व्हावी लागते, आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजला जातो. आधी त्याचे स्वतःचे घर, ते नसेल तर दुसरे घर. हे योग्यच आहे. दीड हजारांच्या पंगतीत पोट भरते, पण प्रत्येकीला कुशी मिळेलच असे नाही. केडगावचे मुक्तिसदन आजही उभे आहे.

परवा पुन्हा त्याच गाडीने जात होतो. आजी नाही, मामाही नाही. केडगाव आले तेव्हा माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा होता. शेजारच्या बाकावरील एका लहान मुलीने आईला विचारले, "इथं कोण राहतं गं?" आईने मोबाइलमधून मान वर केली नाही. मी डबा मुलीपुढे धरला आणि म्हटले, "इथं एक फार मोठं घर आहे. ज्यांना कुणी नव्हतं, त्यांना तिथं घरचं माणूस मिळालं." तिने मूठभर चिवडा घेतला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. मी हात जोडले.