स्टर्न ड्राइव्ह आणि त्याची अदलाबदल : वेगवान क्रीडानौकांच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व युरोपातील क्रीडानौकांच्या रचनेत मूलभूत परिवर्तन घडून आले. त्याचे श्रेय बहुधा नौकेच्या आकाराला किंवा इंजिनाच्या अश्वशक्तीला दिले जाते. इंजिनाची शक्ती पाण्यातील पंख्यापर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणेकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. नौकेच्या पिछाडीबाहेर बसणारी आणि इंजिनापासून अलग करता येणारी अशी यंत्रणा म्हणजे स्टर्न ड्राइव्ह. ती काढून तिच्या जागी दुसरी बसविणे हे वरकरणी कार्यशाळेतील काम वाटते. प्रत्यक्षात संशोधकाचा हक्क, कंपन्यांमधील स्पर्धा आणि नौकामालकाचे दुरुस्तीचे स्वातंत्र्य हे तीनही प्रश्न याच कामाशी निगडित आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रश्नांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे

१) स्टर्न ड्राइव्हच्या उदयाची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) अतिवेगवान नौकांमध्ये ड्राइव्ह बदलण्याची गरज का निर्माण होते, याची कारणमीमांसा करणे.
३) ड्राइव्ह बदलण्याच्या प्रक्रियेतून दिसणारे मालक व निर्माता यांचे संबंध तपासणे.

त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

उदयाची पार्श्वभूमी

१९५० च्या दशकापर्यंत छोट्या यांत्रिक नौकांचे दोन प्रमुख प्रकार रूढ होते. पहिल्या प्रकारात इंजिन नौकेच्या पोटात असे. त्याचा लांब शाफ्ट तळातून तिरपा बाहेर पडून पंख्यापर्यंत जाई व दिशा देण्यासाठी स्वतंत्र सुकाणू लागे. इंजिन भक्कम असले तरी पंखा वर उचलता येत नसल्याने उथळ पाण्यात तो आदळण्याचे भय होते. दुसरा प्रकार आउटबोर्डचा होय. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ पासून तो व्यापारी स्वरूपात लोकप्रिय केला. येथे संपूर्ण इंजिनच पिछाडीवर टांगले जाई. ते वळविता व उचलता येत असे, परंतु मोटारगाडीसारखे मोठे चौधावी इंजिन अशा रीतीने टांगणे त्या काळी व्यवहार्य नव्हते.

इंजिन आत आणि ड्राइव्ह बाहेर, ही कल्पना या दोहोंचा मेळ घालणारी होती. तिचे तुरळक प्रयत्न पूर्वीही झाले होते, पण बाजारात ती टिकली नव्हती. तिला स्थैर्य देण्याचे कार्य जिम विन आणि चार्ल्स स्ट्रँग या अभियंत्यांच्या विचारातून झाले. दोघांचाही संबंध कार्ल किकहेफर यांच्या मर्क्युरी इंजिने बनविणाऱ्या कंपनीशी होता. विन यांनी ती कंपनी सोडून मायामी येथे आपल्या गॅरेजमध्ये या ड्राइव्हवर काम केले आणि १९५८ मध्ये स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीशी संधान बांधले. कंपनीचे प्रमुख हाराल्ड विकलुंड यांनी कल्पनेचे मोल ओळखले. जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नौका प्रदर्शनात ८० अश्वशक्तीचे ‘अ‍ॅक्वामॅटिक’ सादर झाले.

किकहेफर यांच्या कंपनीनेही १९६१ मध्ये ‘मर्क्रूझर’ नावाने स्वतःचा स्टर्न ड्राइव्ह आणला. त्याच वर्षी ही कंपनी ब्रन्सविक समूहात विलीन झाली. पाठोपाठ आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन, म्हणजे ओएमसी, या क्षेत्रात उतरली. या कल्पनेचा खरा धनी कोण, यावरून दीर्घकाळ कायदेशीर वाद चालला. नोकरीत असताना सुचलेली कल्पना नोकराची की मालकाची, हा औद्योगिक इतिहासातील जुनाच प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहिला. आज स्टर्न ड्राइव्हच्या जनकत्वाचा उल्लेख करताना विन व स्ट्रँग या दोघांचीही नावे घेतली जातात.

वेग आणि ड्राइव्हवरील ताण

याच सुमारास सी. रेमंड हंट यांनी विकसित केलेला खोल ‘व्ही’ आकाराचा तळ पुढे आला. १९६० च्या मायामी-नसाऊ शर्यतीत डिक बर्ट्रम यांच्या ‘मोपी’ या अशाच तळाच्या नौकेने खवळलेल्या समुद्रात विजय मिळविला. स्वतः विन हेही त्या शर्यतीत दुसरे आले. लाटा कापत वेगाने जाणे आता शक्य झाले; परंतु त्याचा भार ड्राइव्हवर पडला.

स्टर्न ड्राइव्हमध्ये शक्तीचा मार्ग इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारखा असतो. इंजिनाकडून आडवी आलेली गती वरच्या दंतचक्रांपाशी काटकोनात वळून खाली उतरते आणि खालच्या दंतचक्रांपाशी पुन्हा वळून पंख्याकडे जाते. दोनदा वळणारी ही शक्ती तुलनेने लहान दंतचक्रांनाच पेलावी लागते. त्यात नौका लाटेवरून उसळली की पंखा हवेत येतो व भार नाहीसा झाल्याने भरमसाट फिरू लागतो. पुढच्याच क्षणी तो पाण्यात शिरतो तेव्हा त्याला अकस्मात अटकाव होतो. हा धक्का दंतचक्रांचे दात, उभा शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट यांवर आघात करतो. मालकाने इंजिनाची शक्ती वाढविली असेल, तर हा आघात अधिकच तीव्र होतो. त्यामुळे वेगवान नौकेत ड्राइव्ह हाच सर्वाधिक झिजणारा अवयव ठरला. मर्क्रूझरच्या मालिकेत साधारण ३०० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनांसाठी ‘अल्फा’ आणि त्याहून बलवान इंजिनांसाठी ‘ब्राव्हो’ अशी विभागणी झाली, तिचे मूळ याच अनुभवात आहे.

बदलण्याची प्रक्रिया

मर्क्रूझर प्रकारात ड्राइव्ह सहा नटांनी पिछाडीच्या यंत्रणेला जोडलेला असतो. ड्राइव्ह काढण्यापूर्वी त्यातील तेल काढले जाते. तेल दुधासारखे पांढुरके असेल तर आत पाणी शिरले आहे, आणि चुंबकी बुचाला धातूचे तुकडे चिकटले असतील तर दंतचक्रे तुटत आहेत, हे कळते. अल्फा ड्राइव्ह काढताना व बसविताना पुढच्या गिअरमध्ये, तर ब्राव्हो न्यूट्रलमध्ये ठेवतात. उचलदट्ट्यांची जोडणी सोडून व आधार देऊन ड्राइव्ह सरळ मागे ओढला जातो.

खरे काम यापुढे असते. ड्राइव्ह निघाल्यावर रबरी भाता व गिम्बल बेअरिंग उघडे पडतात. भात्याला बारीकशी चीर असली तरी पाणी आत येते. प्रथम बेअरिंग गंजते आणि चीर वाढल्यास धक्क्याला बांधलेली नौकाही बुडू शकते. यानंतर एक लांब पोलादी दांडा गिम्बल बेअरिंगमधून इंजिनाच्या कप्लरमध्ये घालून पाहतात. तो हाताच्या हलक्या दाबाने आत-बाहेर सरकला पाहिजे. तसे न झाल्यास इंजिनाचे पुढचे आधार वर-खाली करून रेषा जुळविली जाते. रेषा न जुळविता बसविलेला नवा कोरा ड्राइव्हही कप्लरच्या खाचा थोड्याच काळात खाऊन टाकतो. मोडलेला भाग बदलला, पण मोडण्याचे कारण तसेच राहिले, असे या कामात वारंवार घडते ते यामुळेच.

गुणोत्तराचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. इंजिनाचे मिनिटाला ५००० फेरे व ड्राइव्हचे गुणोत्तर १.५० असेल, तर पंखा सुमारे ३३३३ फेरे फिरतो. पंख्याची पिच २४ इंच असल्यास घसर वगळता वेग ताशी सुमारे १२२ किलोमीटर येतो. गुणोत्तर १.३६ केल्यास हाच आकडा १३४ च्या पुढे जातो. परंतु ही वाढ कागदावरची असते. इंजिनाला तेवढा भार ओढता आला नाही, तर त्याचे फेरेच कमी होतात आणि अपेक्षित वेग मिळत नाही. म्हणूनच ड्राइव्ह बदलताना गुणोत्तर, पंखा व इंजिन यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

अदलाबदलीच्या मर्यादा

अल्फा काढून ब्राव्हो बसविताना केवळ बाहेरचा भाग बदलून भागत नाही. पिछाडीच्या भिंतीवरील संपूर्ण जोडणी बदलावी लागते. तरीही भिंतीतील छिद्राचा आकार सारखा असल्याने हे काम आवाक्यात राहते. याउलट ओएमसीने १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनविलेल्या जुन्या प्रकारात इंजिन व ड्राइव्ह यांचा भार नौकेच्या आतील तुळयांवर असे आणि भिंतीतील छिद्र फार मोठे असे. तेथे दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह बसवायचा तर ते छिद्र बुजवून भिंत नव्याने बांधावी लागते. डिसेंबर २००० मध्ये ओएमसीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा या फरकाचा अर्थ स्पष्ट झाला. निर्माता नाहीसा झाला, पण नौका पाण्यात होत्या. ज्यांची जोडणी इतरांशी जुळत नव्हती, त्या मालकांपुढे जुने सुटे भाग शोधत राहणे, भिंत फोडून नवी बांधणे किंवा नौका टाकून देणे एवढेच मार्ग उरले. मर्क्रूझर अल्फाच्या बाबतीत मात्र इतर निर्मात्यांनीही जुळणारे पूर्ण ड्राइव्ह बाजारात आणले. एखादे माप दीर्घकाळ स्थिर राहिले की ते केवळ निर्मात्याचे राहत नाही, असे यावरून दिसून येते.

निष्कर्ष

१) स्टर्न ड्राइव्हचे यश जितके शक्तिवहनात, तितकेच ते इंजिनापासून अलग होण्याच्या क्षमतेत आहे. इंजिन न उतरविता झिजलेला भाग बदलता येणे हे या रचनेचे ऐतिहासिक वैशिष्ट्य होय.

२) वेगाच्या हव्यासाची किंमत प्रथम ड्राइव्ह मोजतो. अधिक बलवान ड्राइव्ह बसविल्याने ती किंमत पुढे ढकलली जाते, नाहीशी होत नाही.

३) यंत्र कोणी शोधले, यावर न्यायालयात वर्षानुवर्षे वाद झाला; ते किती काळ जगणार, हे मात्र पिछाडीच्या भिंतीतील छिद्राच्या मापाने ठरविले. तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोधाच्या क्षणाला जेवढे स्थान दिले जाते, तेवढेच दुरुस्तीच्या दीर्घ कालखंडालाही मिळणे आवश्यक आहे. कारण यंत्राचे आयुष्य प्रदर्शनात सुरू होत असले, तरी त्याचा बहुतांश काळ वापरणाऱ्याच्या आणि दुरुस्त करणाऱ्याच्या हातीच जातो.