अफगाण स्नो आणि न बदलणारा रंग

इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी 1919 साली मुंबईत ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला. दादी-नानींच्या काळी ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्दच झाला होता. एका मुस्लिम उद्योजकाचं हे यश सांगायलाच हवं. पण एक प्रश्नही उरतो: बाटली संपली तरी कित्येकींच्या चेहऱ्यावर फरक का दिसत नसे?

स्नो म्हणजे मुख्यतः पाणी आणि स्टिअरिक आम्ल. पाणी उडून जातं, पातळ थर उरतो. कोरड्या त्वचेवर त्याचा गुण लगेच दिसतो. त्वचा मुळातच मऊ असेल, किंवा आमच्या अंदर मावळासारखी पावसाळी दमट हवा असेल, तर दिसण्यासारखं फारसं काही राहत नाही.

रंगाची गोष्ट आणखी खोल. रंगपेशींची संख्या गोऱ्या-सावळ्यांत साधारण सारखीच असते. त्या किती आणि कोणतं मेलॅनिन बनवतात, हे बव्हंशी आईबापांकडून येतं. तिथवर स्नो पोहोचत नाही.

तरी 1975 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आली. नावातला ‘फेअर’ जायला 2020 उजाडलं. दरम्यान गुण आला नाही की दोष क्रीमला नाही, मुलीच्या कातडीला लागला, रिश्ते अडले. झटपट गोरं करणाऱ्या काही बेकायदा क्रीममध्ये तर पारा असतो. तो मेलॅनिन रोखतो, आणि मूत्रपिंडंही बिघडवतो.

सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंगांतला फरक अल्लाहच्या निशाण्यांत मोजला आहे. मुलीसाठी स्थळ पाहताना हे आठवावं.