आरोग्य आणि अबकारी: डॉ. गिल्डर यांची दोन खाती

माळव्याच्या अफूवर बोलताना आपण उज्जैनच्या पेढ्यांपाशी थांबतो. माल पुढे कुठे गेला हे फारसं विचारत नाही. शिंद्यांच्या मुलखातली ही अफू आधी कराची-दमणच्या वाटेने आणि पुढे इंग्रजांना पास-शुल्क भरून मुंबई बंदरातून चीनला जायची. या व्यापारात गब्बर झालेल्यांमध्ये सर जमशेटजी जीजीभाय हे सगळ्यात मोठं नाव. त्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये मुंबईत जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं. तेव्हा जेजेच्या पायात थोडी आपल्याकडची अफूही आहे म्हणायची! नशेचा पैसा आणि दवाखाना यांची ही सोयरीक मनात ठेवली, तर त्याच मुंबईतल्या एका पारशी डॉक्टराची कारकीर्द नीट कळते.

डॉ. मंचेरशा धनजीभाय गिल्डर यांचा जन्म १८८२ चा. मुंबईत हृदयरोगाचे तज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव मोठं होतं, गांधीजींची प्रकृती पाहणाऱ्या डॉक्टरांपैकी ते एक. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, त्यात गिल्डर मंत्री झाले. खाती मिळाली आरोग्य आणि अबकारी.

ही जोडी मोठी मजेदार आहे. आरोग्य म्हणजे खर्चाचं खातं, अबकारी म्हणजे कमाईचं. दारू-ताडीच्या उत्पन्नातून सरकारी तिजोरीचा मोठा वाटा भरायचा आणि त्याच तिजोरीतून दवाखाने चालायचे. काँग्रेसने तर दारूबंदीचं वचन दिलेलं. म्हणजे आरोग्यमंत्र्याने स्वतःच्याच हाताने स्वतःच्या खात्याचा झरा बुजवायचा. एखादा मुरलेला राजकारणी असता तर समिती नेमून वर्षं काढली असती. गिल्डरांनी ते केलं नाही.

१९३८ मध्ये अहमदाबादेत दारूबंदी झाली. मग मुंबईची पाळी आली, आणि इथे प्रश्न घरात शिरला. दारूच्या धंद्यात पारशी फार. दारूवाला, टोडीवाला ही आडनावं उगीच पडलेली नाहीत. दुकानं, ताडीचे मक्ते, त्यावर पोसलेली कुटुंबं, शिवाय घरी जेवताना पेला घेण्याची रीत. समाजात संतापाची लाट उसळली, आणि तो संताप आपल्यातल्याच माणसावर होता. गांधीजींनाही ‘हरिजन’मधून पारशांची समजूत घालावी लागली. तिकडे अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांनी बुडणारं उत्पन्न भरून काढायला शहरातल्या मालमत्तांवर दहा टक्के कर बसवला. त्यामुळे न पिणारे घरमालकही चिडले. पारशांची तक्रार अगदीच खोटी होती असं मला वाटत नाही. पिढीजात धंदा एका तारखेला बंद करायचा, तर त्या माणसांनी उद्या काय करायचं, याचं उत्तर सरकारपाशी तोकडंच होतं.

१ ऑगस्ट १९३९ ला मुंबईत दारूबंदी लागू झाली. महिन्याभरात महायुद्ध पेटलं, नोव्हेंबरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ज्या अधिसूचनेवर सगळी इमारत उभी होती तीच बेकायदा ठरवली. झालं, दुकानं परत उघडली.

गिल्डर पुढे १९४२ च्या आंदोलनात पकडले गेले आणि येरवड्याच्या तुरुंगात गेले. १० फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं, तेव्हा सरकारने या कैदी डॉक्टरालाच तिथे आणलं. प्रकृतीच्या पत्रकावर सह्या असायच्या त्या सरकारचे सर्जन-जनरल कँडी, कलकत्त्याहून आलेले डॉ. बिधनचंद्र रॉय, आणि कैदेतले गिल्डर व सुशीला नय्यर यांच्या. डांबणारे आणि डांबलेले एकाच कागदावर! गांधीजी त्यातून वाचले. पुढच्या वर्षी कस्तुरबांच्या अखेरच्या आजारातही गिल्डर तिथेच होते. विमानाने पेनिसिलिन आलं, पण आता सुया टोचून त्रास नको असं गांधीजींनी म्हटलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला बा गेल्या.

१९४६ मध्ये खेर परत आले, गिल्डर पुन्हा आरोग्यमंत्री. त्याच वर्षी पुणे आणि अहमदाबाद इथल्या बी. जे. मेडिकल स्कूलची पूर्ण कॉलेजं झाली. दोन्हींची नावं बैरामजी जीजीभाय या पारशी दात्यावरून. त्यानंतर १९५२ मध्ये गिल्डर राज्यसभेवर गेले.

दारूबंदीचा मुंबई कायदा १९४९ मध्ये नव्याने आला. त्याला न्यायालयात खेचलं ते फ्रामजी बलसारा या गृहस्थांनी. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांश उचलून धरला, मात्र मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली. प्रकृतीसाठी ज्याला दारू लागते त्याला परवाना देण्याची सोय कायद्यातच होती. महाराष्ट्रात आजही दारू पिण्याचा जो परवाना मिळतो, त्यावर कारण आरोग्य राखण्याचंच लिहिलेलं असतं.