नांदण्याचा हुकूमनामा
माहेरी येऊन राहिलेली लेक पुन्हा नांदायला पाठवावी की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात पूर्वी आधी घरच्या वडीलधाऱ्यांपुढे आणि तेथे न मिटल्यास जातीच्या पंचांपुढे जात असे; तेथे मानपान, दागिने आणि लग्नखर्च यांचा यथेच्छ कीस पडे, व ज्या जातींत काडीमोडीची रूढी होती त्यांत नवऱ्याचा खर्च भागवून आणि फारखत घेऊन बाई मोकळी होई. पंच काही न्यायमूर्ती नव्हते, आणि त्या बाईचे मन विचारण्याची त्यांना फारशी सवयही नव्हती; परंतु परत न जाणारीला कैदेत टाकण्याची कल्पना त्यांची नव्हे.

ती कल्पना आली इंग्रजी कायद्यातून. इंग्लंडच्या धर्मपीठीय न्यायालयांत नांदण्यास नकार देणाऱ्या जोडीदाराविरुद्ध चालणारा दावा १८६७ साली प्रिव्ही कौन्सिलने बंगालमधील एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात हिंदुस्थानात ग्राह्य धरला. आणि १८८४ साली, म्हणजे खुद्द इंग्लंडात या कारणासाठी होणारी कैद रद्द झाली त्याच वर्षी, मुंबईत दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिच्यावर फिर्याद गुदरली. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी पतीकडे कधी नांदलीच नव्हती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी ती वाढली आणि शिकली, व ज्या संबंधास समजत्या वयात आपण संमती दिली नाही तो आपल्यावर बंधनकारक नाही, असे तिने निःसंदिग्धपणे सांगितले.

न्या. पिनी यांनी १८८५ साली दावा फेटाळला. मुळात जे सहजीवन सुरूच झाले नाही ते पूर्ववत कसे करावयाचे, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ होता, आणि अशा दाव्यास हिंदू धर्मशास्त्रात आधार नसल्याचेही त्यांनी नमूद केले. अपिलात हा निकाल फिरला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी एका महिन्याच्या मुदतीत पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. ‘केसरी’सारख्या पत्रांनी धर्माभिमानाने दादाजींची बाजू घेतली, विलायती चर्चच्या एका उपायाचे रक्षण आपण स्वधर्म म्हणून करीत आहोत, ही विसंगती त्या गदारोळात फार थोड्यांच्या ध्यानी आली असावी.

कैदेची पाळी मात्र आली नाही. १८८८ साली २००० रुपये घेऊन दादाजींनी हुकूमनाम्याची बजावणी सोडून दिली. चार वर्षे उच्च न्यायालयात खल होऊन शेवटी जी तडजोड झाली, तीच जातीच्या पंचांनी कदाचित एका बैठकीत घडवून आणली असती. फरक इतकाच की पंचांनी फारखतही लिहून दिली असती. येथे लग्न कायम राहिले. दादाजींनी दुसरा संसार मांडला, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या व सुरतेस त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. आणि १९०४ साली दादाजी वारल्यावर, ज्या पतीशी एक दिवसही संसार केला नाही त्याच्यासाठी त्यांनी वैधव्याची पांढरी साडी नेसली. याचा अर्थ लावण्याची घाई सुधारकांनीही करू नये आणि सनातन्यांनीही.

कैदेची तरतूद १९२३ साली दिवाणी कायद्यातून गेली, पण दावा गेला नाही. रखमाबाई ज्या वर्षी निवर्तल्या त्या १९५५ सालच्या हिंदू विवाह कायद्यात तो ९ व्या कलमात पुन्हा लिहिला गेला, आणि न नांदणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची सोय शाबूत राहिली.