खुनाचा साक्षीदार

रायपूरहून नागपूरच्या दिशेने निघालेली आगगाडी दुर्ग मागे टाकून राजनांदगावला येते. याच टापूत वाढलेल्या एका तरुणाने नागपुरास महाविद्यालयीन शिक्षण घेतले, 1937 साली बॉम्बे टॉकीजच्या ‘जीवन प्रभात’मध्ये देविकाराणीसमवेत भूमिका केली आणि पुढे 1954 साली शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ हिंदी पडद्यावर आणण्याचे धाडस केले. त्या तरुणाचे नाव किशोर साहू. हॅम्लेट ते स्वतः झाले होते आणि ऑफेलियाची भूमिका माला सिन्हा यांनी केली होती. सोहराब मोदींनी 1935 साली ‘खून का खून’ या नावाने हेच नाटक बोलपटात आणले होते. मराठी माणसाचा या राजपुत्राशी परिचय तर त्याहूनही जुना. आगरकरांचे ‘विकारविलसित’ 1883 सालचे, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या रंगभूमीवर गणपतराव जोशी यांनी साकारलेल्या चंद्रसेनाची आठवण जुन्या पिढ्यांनी किती जपली, हे सर्वश्रुत आहे.

‘हॅम्लेट’चा विचार सामान्यतः तत्त्वचिंतनाच्या अंगाने होतो. परंतु मोदींनी चित्रपटाला दिलेल्या नावात एक रोकडे शहाणपण होते. ही मुळात एका खुनाची कथा आहे आणि रहस्यपटाच्या कर्त्याला पुढे ज्या ज्या अडचणी भेडसावल्या, त्यांतील बहुतेक तिच्यात आधीच हजर आहेत. राजा बागेत निजला असता सर्पदंशाने मरण पावला, असे जाहीर झाले आहे. खुनाचा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे मेलेला राजा! कायद्याला मृत्युपूर्व जबानी ठाऊक आहे. मृत्यूनंतरची जबानी त्याला ठाऊक नाही.

हॅम्लेटलाही ही अडचण पुरती कळते. पिशाच आपल्या पित्याचे की सैतानाचे, अशी शंका त्याला येते, आणि म्हणूनच तो चुलत्यासमोर त्याच खुनाचे नाटक करवतो. चुलता अस्वस्थ होऊन उठतो. पुरावा मिळाला, असे हॅम्लेट समजतो. पण खरोखर मिळाला काय? त्या नाटकातला विष घालणारा इसम राजाचा पुतण्या दाखविला आहे, आणि हॅम्लेट हाही राजाचा पुतण्याच आहे. तेव्हा राजा पापाच्या जाणिवेने उठला, की पुतण्याने भरदरबारात दिलेल्या धमकीने, हे कोणी सांगावे? एखाद्या चतुर वकिलाने उलटतपासणीत हा पुरावा पाच मिनिटांत उडवून लावला असता. शेक्सपिअरने ही फट ओळखली असावी. पुढच्याच प्रवेशात तो राजाला एकांतात प्रार्थनेला बसवितो आणि त्याच्याच तोंडून अपराधाची कबुली ऐकवितो. ती कबुली प्रेक्षक ऐकतात. हॅम्लेट मात्र ती संपल्यावर तेथे येतो. प्रेक्षकाची खात्री होते, नायकाची कधीच पुरती होत नाही. रहस्यपटातला ताण या तफावतीतून उत्पन्न होतो.

किशोर साहू ‘हॅम्लेट’ घडवीत होते, त्याच्या थोडेसे आधी त्यांच्याच प्रांतातून निघालेल्या एका खटल्यात हाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्या काळी रायपूर हा जुन्या मध्य प्रदेशाचा एक जिल्हा होता आणि राजधानी नागपूर होती. त्या राज्याच्या अबकारी खात्याचे आयुक्त हणमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावर सिवनीच्या मद्यनिर्मितीच्या मक्त्यासंबंधी निविदेत बनावट केल्याचा आरोप होता. प्रकरण खुनाचे नव्हते. तरीही 1952 साली न्या. मेहरचंद महाजन यांनी लिहिलेला त्याचा निकाल पुढे देशभरच्या खुनाच्या खटल्यांत उद्धृत होत राहिला. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी इतकी सलग असली पाहिजे की आरोपीच्या निर्दोषत्वाशी जुळेल असे कोणतेही वाजवी अनुमान उरू नये, हे त्याचे सार. त्याच निकालात एका जुन्या इंग्रज न्यायाधीशाच्या इशाऱ्याचे स्मरण दिले आहे. सुट्या सुट्या गोष्टी एकमेकींत बसवून देण्यात मनुष्याच्या मनाला गोडी वाटते, आणि त्या नीट बसत नसतील तर ते त्यांना थोडेसे वाकवितेही. आरोपी निर्दोष सुटले.

न्यायाधीशांना दिलेला हा इशारा पटकथा लिहिणाराच्या मेजावरही ठेवण्याजोगा आहे. प्रेक्षकाच्या मनालाही तीच गोडी असते. फरक इतकाच की न्यायालयात ती गोडी धोक्याची ठरते, आणि चित्रपटगृहात मनुष्य तिच्यासाठीच तिकीट काढतो.

1958 साली राज खोसला यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘काला पानी’त किशोर साहू पुन्हा दिसले, यावेळी वकील रायबहादूर जसवंत राय यांच्या भूमिकेत. क्रोनिन या इंग्रजी लेखकाच्या कादंबरीवरून बंगालीत ‘सबार उपरे’ हा चित्रपट 1955 साली निघाला आणि ‘काला पानी’ त्यावरून बेतला गेला. आपला पिता खुनाच्या आरोपाखाली वर्षानुवर्षे तुरुंगात आहे, हे कळताच देव आनंदचा नायक हैदराबादेस पुराव्याच्या शोधार्थ जातो आणि नलिनी जयवंत यांनी रंगविलेल्या गायिकेकडची पत्रे मिळविण्यासाठी तिच्याशी प्रेमाचे सोंग करतो. म्हणजे येथेही पुरावा काढण्याचे साधन नाटकच! पण हॅम्लेटच्या नाटकाहून हे अधिक पटते. कागद हाती आला की तो वाचता येतो, ताडून पाहता येतो. मुद्रेवरच्या अस्वस्थतेचे तसे नसते.

बी. आर. चोप्रा यांचा ‘कानून’ (1960) हा त्या काळातला सर्वांत कडवा प्रयत्न. एकही गाणे नसलेला हा हिंदी चित्रपट एका कोड्याने सुरू होतो. गणपत नावाच्या इसमाच्या खुनाबद्दल शिक्षा भोगून आलेला कालिदास त्याच गणपतला आता खरोखर ठार करतो आणि न्यायालयाला विचारतो, या खुनाची शिक्षा मी अगोदरच भोगली, आता दुसऱ्यांदा कशी देणार? प्रसंग हृदय हलवून सोडणारा आहे; तर्क मात्र लंगडा. संविधानाचे 20 वे कलम एकाच अपराधाबद्दल दोनदा शिक्षा देण्यास मनाई करते, आणि येथे दुसरी कृती वेगळ्या दिवशीची, वेगळी आहे. पहिली शिक्षा हा अन्याय होता; पण त्या अन्यायाची पावती दाखवून दुसऱ्या दिवशी खून करता येत नाही.

मुख्य कथेत एक वकील आपल्या भावी सासऱ्याला, जो स्वतः न्यायाधीश आहे, सावकाराचा खून करताना प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहतो. पकडला जातो तो नाना पळशीकरांचा गरीब चोर. पळशीकरांना या भूमिकेसाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. त्यांचा भेदरलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. डोळस साक्षीही चुकू शकते, हे सांगण्याचा चित्रपटाचा हेतू उदात्त आहे. पण ती चुकली कशामुळे, तर खुनी न्यायाधीशासारखाच दिसणारा कोणी तिऱ्हाईत होता म्हणून! ही गोष्ट अगदी शेवटी उघड होते, आणि दोन तास प्रामाणिकपणे विचार करीत बसलेल्या प्रेक्षकाला आपली फसगत झाल्यासारखे वाटते. अशी साम्ये जगात असतात, हा काही बचाव नव्हे. ती संभवतात हे खरे. पण प्रेक्षकाला संशय घेण्याची संधीच दिलेली नव्हती.

चारच वर्षांनी राजा परांजपे यांनी ‘पाठलाग’मध्ये (1964) हेच साम्य वापरले, आणि मराठी प्रेक्षकाने ते निमूटपणे पत्करले. याचे कारण शोधण्यासारखे आहे. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर आधारलेल्या या कथेत काशिनाथ घाणेकरांनी रंगविलेल्या वकिलाची पत्नी मृत्यू पावते, आणि मागाहून दरोडेखोरांच्या टोळीतली म्हणून पकडलेली एक स्त्री आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. दोघींचा चेहरा एकच, भावना या अभिनेत्रीचा. म्हणजे ‘कानून’मध्ये जे उत्तर होते, तोच येथे प्रश्न आहे. तो आरंभीच पदरात टाकल्यामुळे प्रेक्षक पुढचा प्रत्येक प्रसंग तराजूत घालून पाहतो, आणि अखेरीस जुळ्या बहिणीचा उलगडा होतो तेव्हा त्याला फसविले गेल्यासारखे वाटत नाही. राज खोसला यांनी 1966 साली याच कथेवरून ‘मेरा साया’ काढला. त्यात साधना व सुनील दत्त होते. ज्याच्या स्वतःच्या पत्नीच्या ओळखीचा वाद आहे, त्यानेच न्यायालयात आरोपी स्त्रीची उलटतपासणी करावी, ही गोष्ट मात्र वकिली व्यवसायाच्या रीतीत मुळीच बसत नाही. असा मनुष्य साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हवा. पण तो तेथे उभा केला असता तर पती-पत्नीतल्या खाजगी आठवणींवर चाललेली ती सवाल-जबाबांची जुगलबंदी झालीच नसती, आणि चित्रपटाचा प्राण तीत आहे. हिशेबी प्रेक्षकसुद्धा एवढी सूट देतो.

शिवाय त्या पतीचा सर्वांत भक्कम पुरावा असा की पत्नीने प्राण सोडला तो त्याच्याच मिठीत. त्या क्षणी चेहऱ्याविषयी संशय घ्यावा, हे त्याला सुचले नाही. ते कोणालाच सुचले नसते.