नागपूरचा हिवाळा आणि धावण्याची चाकरी

नागपूर परिसरात धावणे ही दीर्घकाळ हौस नसून चाकरी होती आणि त्या चाकरीचा हंगाम हवामानाने ठरवून दिलेला होता. शहराच्या आग्नेय सीमेवरील हुडकेश्वरसारख्या गावांतून पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल पाय उचलू देत नसे आणि उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढे; कार्तिकानंतर मात्र वाटा वाळून घट्ट होत. समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशात उत्तरेचे कोरडे वारे सुरू झाले की पहाटेचे तापमान साधारणपणे 12 ते 13 अंशांवर उतरते आणि दुपारी 28 अंशांच्या घरात जाते, त्यामुळे हिवाळ्यातही धावण्याची खरी वेळ सूर्योदयाच्या आगेमागेच सापडते. 29 डिसेंबर 2018 रोजी तर येथे किमान तापमान 3.5 अंश इतके खाली गेले होते.

मराठेशाहीत दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर मोहिमा निघत, साहजिकच पत्रव्यवहाराचा ताणही याच महिन्यांत वाढे. ही पत्रे जासूद नेत. जासूद म्हणजे पायी पत्र पोहोचवणारा आणि वाटेतल्या बातम्या टिपणारा सरकारी नोकर. वाटेत एकावर संकट आले तरी पत्र पोहोचावे म्हणून त्यांना बहुधा दोघादोघांनी धाडत, आणि त्यावरूनच तत्कालीन कागदांत ‘जासूद जोडी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. 1854 मध्ये नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी टपालाचे हरकारे, म्हणजे ठरावीक टप्पा धावून थैली पुढच्या माणसाच्या हाती देणारे वाहक, या मुलखात धावत. त्यांच्या हातातील भाल्याला किंवा काठीला घुंगरू बांधलेले असे, कारण जंगलातल्या वाटेवर त्या आवाजाने श्वापदे दूर राहत. 1867 मध्ये रेल्वे नागपुरास पोहोचली आणि मुख्य मार्गावरील त्यांचे काम आटले. मोहिमांवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले, पण ज्या पायांवर त्या मोहिमांचा कारभार चालला त्यांची दखल फार थोडी घेतली गेली, ही आपल्या इतिहासलेखनातील मोठी उणीव आहे.

स्पर्धेसाठी धावण्याची परंपरा महाराष्ट्रात पुढे पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांमधून वाढली आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वे आले.

धावण्याचा चाकरीशी असलेला संबंध मात्र तुटला नाही. हुडकेश्वर 2013 च्या सुमारास महापालिकेच्या हद्दीत आले, शेतांच्या जागी लेआउट पडले, तरी शहराच्या अशा कडेच्या वस्त्यांत थंडीच्या दिवसांत उजाडण्यापूर्वी रस्त्यावर दिसणारी मुले-मुली बहुधा पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. मैदानी चाचणीत, म्हणजे लेखी परीक्षेपूर्वीच्या शारीरिक परीक्षेत, मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते. गारठ्यात आखडलेले स्नायू मोकळे होईपर्यंत ही मुले अंगातला स्वेटर काढत नाहीत. हळू धावून अंग तापले की तो कुंपणावर टाकून घड्याळ लावून पूर्ण वेगाने धावतात. थंड हवेत शरीरातील उष्णता सहज बाहेर पडते, म्हणून तोच वेग अधिक काळ टिकतो. उकाड्यात आणि दमटपणात घाम वाळत नाही, रक्तपुरवठा त्वचेकडे वळतो आणि हृदयावरचा भार वाढतो.

या साध्या शरीरधर्माकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत जून 2014 मध्ये मुंबईच्या भरतीत मोजावी लागली. तेव्हा मुलांसाठी 5 किलोमीटरची धाव होती आणि त्या दरम्यान काही उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले, महिना मात्र कायमचा बदलला नाही. 2024 ची मैदानी चाचणीही 19 जूनपासूनच सुरू झाली. पुण्याची मॅरेथॉन डिसेंबरात आणि मुंबईची जानेवारीत होते, कारण आयोजकांना धावणाऱ्यांच्या जिवाची काळजी असते. तीच काळजी नोकरीसाठी धावणाऱ्या गरीब घरच्या मुलांनाही मिळाली पाहिजे, आणि त्यासाठी शासनाने भरतीची मैदानी चाचणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांतच घ्यावी.